मार्जीच्या आजीपर्यंत

युद्धात, क्रांतीत वाढलेल्या मुलांची चित्ररूप आत्मचरित्रं मी गेली काही वर्षं वाचतो आहे. सुरुवात मार्जान सात्रापी यांच्या ‘पर्सेपोलिस’पासून झाली; त्यातली इराणमधली मार्जी म्हणजे लहानपणच्या सात्रापीच. त्या वाचनातून हाती लागलेलं थोडं.

१. चित्रं आहेत म्हणून भराभर वाचू नये. पहिल्यांदा मी ‘पर्सेपोलिस’ एका बैठकीत संपवलं आणि एक पान नजरेतून निसटलं. इराण-इराक युद्धाचे दिवस. मार्जीच्या घरच्या मोलकरणीच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लास्टिकची किल्ली मिळते. युद्धात मेलास तर ही स्वर्गाची किल्ली, असं त्याला सांगितलेलं. पुढे एका पानावर वर सुरुंगांनी उडालेली मुलं, नुसत्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खाली मार्जी आयुष्यातल्या पहिल्या पार्टीत नाचते आहे. इथेही हातपाय तसेच हवेत. दुसऱ्या वाचनात हे दिसलं आणि मी पुस्तक मिटून बसून राहिलो.

२. तारखा आधी पाहून घ्याव्यात. १९७९ मध्ये इराणचा शहा देश सोडून गेला. १९८० मध्ये शाळेत हिजाब सक्तीचा झाला, त्याच वर्षी सप्टेंबरात इराकने हल्ला केला. मार्जी तेव्हा दहा वर्षांची होती.

३. काळ्या चौकटीपाशी थांबावं. शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं. ढिगाऱ्यात मार्जीला मैत्रिणीचं कंकण दिसतं. त्या प्रसंगाची शेवटची चौकट पूर्ण काळी आहे.

४. एका देशावर थांबू नये. झैना अबिराशेद यांच्या पुस्तकात १९८४ मधल्या युद्धग्रस्त बैरूतची एकच रात्र आहे. झैनाचे आईबाबा आजीकडे गेलेत, काही गल्ल्या पलीकडे, आणि अजून परतले नाहीत. घरातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे दारालगतची खोली. शेजारीपाजारी तिथे जमतात, मुलांचं मन रमवतात, वाट पाहतात. ते वाट पाहणं मला कुठल्याही स्फोटापेक्षा भयंकर वाटलं.

५. आजीवर लक्ष ठेवावं. मार्जीची आजी रोज सकाळी जाईची फुलं वेचून छातीशी ठेवते, त्यामुळे तिच्या अंगाला सुगंध येतो. चौदाव्या वर्षी मार्जीला व्हिएन्नाला धाडतात, त्याआधीची रात्र ती आजीच्या कुशीत काढते. १९९४ मध्ये मार्जी फ्रान्सला गेली. त्यानंतर दोघींची भेट एकदाच झाली. ४ जानेवारी १९९६ रोजी आजी वारली.