धुरी बरी की किरण बरे?

आंबा वरून छान दिसतो. सालीवर डाग नाही. पण कोय फोडली, तर आत काळा भुंगा! हा आत शिरला कसा? फळ कोवळे असताना मादी सालीवर अंडी घालते. अळी गर पोखरून कोयीत जाते. फळ वाढते तसे भोक बुजून जाते. म्हणून बाहेरून काही कळत नाही.

असा आंबा परदेशी गेला, तर कीड तिकडच्या बागांत पसरेल. म्हणून काही देश म्हणतात, "आधी किडीचा बंदोबस्त करा, मग माल पाठवा." त्याचे दोन उपाय आपण पाहू.

पहिला उपाय धुरीचा. फळे बंद खोलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवतात आणि विषारी वायू सोडतात. मिथिल ब्रोमाइड हा असाच एक वायू. याला खर्च कमी लागतो. पण हा वायू माणसालाही मारक आहे, आणि त्याला वास नसतो. नाजूक फळ त्याने बिघडते. कोयीतल्या किडीपर्यंत तो नीट पोचत नाही. शिवाय उन्हाच्या घातक किरणांपासून आपल्याला राखणारा आकाशातला ओझोनचा थर त्याने विरळ होतो. म्हणून जगभर त्याचा वापर कमी करीत आणला. परदेशी जाणाऱ्या मालाची कीड मारण्यापुरती सूट ठेवली आहे.

दुसरा उपाय किरणांचा. कांद्याच्या बाजाराचे लासलगाव आपल्याला ठाऊक आहे. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने असे केंद्र उभारले. जाड भिंतींच्या खोलीत कोबाल्ट नावाच्या धातूचे किरण आंब्याच्या भरलेल्या पेट्यांवर सोडतात. हे किरण साल, गर, कोय, सगळ्यांतून आरपार जातात. दुधाला जसे लिटर, तसे या किरणांना 'ग्रे' हे माप. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला निदान ४०० ग्रे द्यावे लागतात. २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडले, ते याच उपायावर.

एवढ्याने कीड लगेच मरेलच असे नाही. पण तिची वीण थांबते.

कोणी विचारील, "मग आंब्यात किरण राहत नाहीत का?" नाही. एक्स-रे काढलेला माणूस घरी येऊन किरण फेकतो का? तसेच हे.

मात्र केंद्रे थोडी, खर्च जास्त. आणि दोन्ही उपायांनंतर पेटी उघडी राहिली, तर माशी पुन्हा बसणारच. म्हणून आम्ही सांगतो, खरे काम बागेतच करा. गळलेली किडकी फळे नि कोयी वेचा आणि खोल पुरा.

आणखी एक ध्यानात ठेवा. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या आंब्याच्या अढीत कधीही ठेवू नका. माणसे झोपतात त्या घरात तर मुळीच नको. त्यांच्या वायूने जीव जातो.

प्रश्न
१. कोयीतला भुंगा बाहेरून का दिसत नाही?
२. धुरीचे तोटे कोणते?
३. तुमच्या बागेतली किडकी फळे तुम्ही काय करता?