पेन्सिलीने लिहिलेला अर्ज : अमेरिकन राज्यघटनेतले पाच शब्द

मागच्या वर्षी राज्यशास्त्राच्या पेपरात मी ‘चेक्स अँड बॅलन्सेस’वर दीड पान लिहिलं होतं. मार्कही बरे पडले. पण आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात सर म्हणाले, “हेच आता मराठीत सांग. घरी आजीला कळेल असं सांग.” मी उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. शब्द पाठ होते, अर्थ नव्हता. म्हणून हा लेख. यातले पाच शब्द मी आधी आजीला समजावले, मग लिहायला घेतले.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियामध्ये ५५ प्रतिनिधी वेगवेगळ्या वेळी चर्चेला बसले. १७ सप्टेंबरला त्यातल्या ३९ जणांनी राज्यघटनेच्या मसुद्यावर सह्या केल्या. १७८९ पासून तिच्यानुसार कारभार सुरू झाला. मूळ घटना अवघ्या सात कलमांची, आणि आजवर तिच्यात २७ दुरुस्त्या झाल्या. ही माणसं इंग्लंडच्या राजाशी लढून नुकतीच स्वतंत्र झाली होती. राज्य चालवायचं तर सत्ता कोणाच्या तरी हाती द्यावी लागणारच. पण त्याला आवरायचं कोणी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पुढचे पाचही शब्द या एकाच प्रश्नातून आले आहेत.

१. सत्ताविभाजन

कायदे काँग्रेस करते, अंमलबजावणी राष्ट्राध्यक्ष करतात, निवाडा न्यायालय करतं. इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, तिथली संसद. तिची दोन सभागृहं : १०० सदस्यांचं सिनेट आणि ४३५ सदस्यांचं प्रतिनिधीगृह. आपल्याकडे मंत्री संसदेतलेच असतात. तिथे काँग्रेसच्या सदस्याला मंत्री व्हायचं तर आधी ती जागा सोडावी लागते. आजी म्हणाली, “म्हणजे किल्ल्या एकीकडे आणि हिशेबाची वही दुसरीकडे.” अगदी तसंच.

२. नियंत्रण आणि संतुलन

नुसत्या वाटण्या करून भागत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचा हात धरता आला पाहिजे. काँग्रेसने मंजूर केलेलं विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरून, म्हणजे व्हेटोने, परत पाठवू शकतात. पण दोन्ही सभागृहांनी ते दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केलं, तर राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवायही त्याचा कायदा होतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, पण सिनेटची संमती लागते.

३. महाभियोग

इथे आपण बहुतेक जण चुकतो. महाभियोग म्हणजे पदावरून काढणं नव्हे, तर आरोप ठेवणं. आरोप प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने ठेवतं. खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) या तिघांवर महाभियोग झाला. सिनेटने एकालाही दोषी ठरवलं नाही.

४. न्यायालयीन पुनर्विलोकन

कायदा घटनेत बसतो की नाही हे न्यायालयाने तपासणं, म्हणजे पुनर्विलोकन. गंमत अशी की हा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांत कुठेच लिहिलेला नाही. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी काँग्रेसच्या कायद्यातली एक तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि तिथून तो रूढ झाला.

५. रीतसर कायदेशीर प्रक्रिया

इंग्रजीत ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’. रीतसर प्रक्रियेशिवाय सरकार कोणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही, ही ती हमी. १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीने ती केंद्र सरकारवर बंधनकारक झाली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने घटक राज्यांवर.

पण शब्द चांगला असला म्हणून निकाल चांगला लागतो असं नाही. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच हमीचा आधार गुलामांच्या मालकांना दिला. गुलाम ही मालकाची मालमत्ता, ती कशी काढून घेणार, असा तो युक्तिवाद! कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असंही त्या निकालात म्हटलं होतं. ते पुसायला यादवी युद्ध आणि घटनादुरुस्त्या लागल्या.

आता दुसरी बाजू. १९६१ मध्ये फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियन या गरीब माणसावर घरफोडीसारखा आरोप आला. एका पूल खेळण्याच्या अड्ड्यात शिरून चोरी केल्याचा. त्याने कोर्टाकडे वकील मागितला. फाशीची शिक्षा होऊ शकेल अशाच गुन्ह्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो, असं उत्तर आलं. त्याने स्वतःच बाजू मांडली आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला. १९६३ मध्ये न्यायालयाने एकमताने ठरवलं, की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकील परवडत नसेल तर राज्याने तो द्यायलाच हवा.

आपल्या घटनेचाही या शब्दाशी संबंध आहे. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. या शब्दाने न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाते, असं फ्रँकफर्टर यांचं मत होतं. अखेर आपल्या अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. म्हणजे समोरच्या दाराने न घेतलेला पाहुणा तीस वर्षांनी मागच्या दाराने घरात आला.

हे सगळं आजीला सांगून झालं. कलमं, दुरुस्त्या, सनावळ्या तिने ऐकून घेतल्या. मग एकच विचारलं, “अगं, पण त्या माणसाला शेवटी वकील मिळाला का?”

मिळाला. खटला पुन्हा चालला आणि ज्युरीने गिडियनला निर्दोष सोडलं. पुरावे बहुतेक तेच होते, या वेळी शेजारी वकील होता. मला वाटतं, पाचव्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला.

पुढच्या बैठकीला ‘संघराज्य’ हा शब्द घ्यायचा आहे. येताना इंग्रजी व्याख्या घरी ठेवून या.