पट्टी लावली, तरी कीड का मरत नाही? मधमाश्यांवरील व्हरोआ किडीचा बंदोबस्त



आपल्यापैकी काही कुटुंबांनी शेतीला जोडधंदा म्हणून मधमाश्यांच्या पेट्या घेतल्या आहेत. काहींनी त्यासाठी कर्जही काढले आहे. अशा घरांतून एक प्रश्न वरचेवर कानी येतो : “दुकानातून पट्टी आणून पेटीत लावली, किडी खाली पडलेल्या डोळ्यांनी पाहिल्या, तरी दोन-तीन महिन्यांत पेटी ओस कशी पडली?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, किडी पडणे वेगळे आणि कीड आटोक्यात येणे वेगळे. औषध लावल्यावर पेटीत किती किडी उरल्या, हे मोजल्याशिवाय औषध लागू पडले असे समजू नये.

कीड ओळखा

व्हरोआ ही गोचिडीच्या जातकुळीतली कीड आहे. तिची मादी तांबूस-तपकिरी, चपटी आणि खेकड्यासारखी आडवी असते. रुंदी साधारण दीड मिलिमीटर आणि लांबी त्याहून कमी. तिचे शास्त्रीय वर्णन १९०४ साली जावा बेटावरील किडींवरून झाले. आपल्या पेट्यांचा नाश करणारी जात त्या जातीहून वेगळी आहे, हे २००० साली सिद्ध झाले आणि तिला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ हे नाव मिळाले. म्हणून जुन्या पुस्तिकांत ‘व्हरोआ जेकबसोनाय’ असे नाव दिसले, तर गोंधळू नये.

ही कीड मुळात आशियाई सातेरी माशीची. सातेरी आणि कीड यांचा सहवास फार जुना आहे, आणि सातेरीने स्वतःचे रक्षण करायला शिकून घेतले आहे. ती एकमेकींच्या अंगावरच्या किडी शोधून काढते आणि कीड लागलेली अळी पोळ्याबाहेर टाकते. तिच्या वसाहतीत किडीची वीण मुख्यतः नरांच्या कोठड्यांतच होते. त्यामुळे खानापूरच्या रानात किंवा गोव्याच्या घाटालगत ज्यांनी सातेरी पाळली आहे, त्यांनी व्हरोआची फारशी धास्ती घेऊ नये आणि तिच्या पेटीत औषधाच्या पट्ट्या लावू नयेत. सातेरीचा मोठा शत्रू आहे थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग. १९९१-९२ पासून त्याने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्या रोगावर किडीचे औषध काहीच काम करीत नाही.

मेलिफेरा, म्हणजे ज्या माशीला आपण इटालियन म्हणतो, तिची गोष्ट वेगळी आहे. १९६० च्या दशकात हिमाचलातील नगरोटा बगवां येथे ती प्रथम यशस्वीपणे पाळली गेली आणि पुढे देशभर पसरली. उत्तर कर्नाटकात सूर्यफुलाच्या शेतांजवळ ज्या पेट्यांच्या रांगा दिसतात, त्या बहुधा हिच्याच. या माशीला व्हरोआशी झुंजण्याची सवय नाही. मालकाने लक्ष दिले नाही, तर तिची वसाहत सहसा एक-दोन वर्षांत खचते.

नुकसान कसे होते

अळीची कोठडी मेणाने बंद होण्याच्या सुमारास मादी कीड आत शिरते आणि झाकणाखाली अंडी घालते. पहिल्या अंड्यातून नर निघतो, पुढच्या अंड्यांतून माद्या. कामकरी माशीची कोठडी सुमारे बारा दिवस बंद राहते, नराची चौदा-पंधरा दिवस. जास्त दिवस मिळतात म्हणून कीड नराच्या कोठडीकडे अधिक ओढ घेते. ती माशीच्या शरीरातील चरबीसारख्या ऊतींवर जगते आणि त्याबरोबर विषाणू आत सोडते. पंख चुरगळलेल्या, उडू न शकणाऱ्या माश्या दारापुढे सरपटताना दिसल्या, तर रोग बराच पुढे गेला आहे असे समजावे.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. पेटीत अळ्या-कोष असताना बहुतेक किडी बंद कोठड्यांत दडलेल्या असतात. माश्यांच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच.

औषध निकामी का होते

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रच्या किनारपट्टीवर कापसावरील बोंडअळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवाऱ्यांना दाद देईनाशी झाली आणि हजारो कुटुंबे कर्जात बुडाली. पेटीत लावायच्या पट्टीतील फ्लुव्हॅलिनेट हे औषध त्याच कुळातले आहे. हजार किडींत दोन-चार किडी जन्मतःच अशा असतात की, त्यांच्या नसांवर हे औषध बसत नाही. औषधाने बाकीच्या मरतात, या उरतात आणि पुढची सारी वीण त्यांचीच होते. त्याच औषधाची पट्टी पुन्हा लावली की आपण निवडलेल्या बियाण्यासारखी हट्टी कीडच जोपासतो.

परदेशात हे क्रमाने घडले. १९९० च्या दशकाच्या आरंभी इटलीत आणि त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्लुव्हॅलिनेट लागू पडेनासे झाले. अमेरिकेत १९९९ साली कुमाफॉस आणले. दोनच वर्षांत तेही काही ठिकाणी हरले. मग सारा भार अमिट्राझवर पडला. २०२४ च्या उन्हाळ्यापासून २०२५ च्या आरंभापर्यंत तेथील व्यावसायिक मधपाळांच्या सरासरी साठ टक्क्यांहून अधिक वसाहती गेल्या. सरकारी शास्त्रज्ञांनी मेलेल्या वसाहती तपासल्या, तेव्हा माश्यांत विषाणूंचे प्रमाण फार आढळले आणि तपासलेल्या जवळजवळ सर्व किडी अमिट्राझला न जुमानणाऱ्या निघाल्या. एका औषधावर विसंबण्याची किंमत किती असते, हे त्यावरून दिसते.

आपल्या हातून हट्टी कीड चार मार्गांनी तयार होते : एकच औषध वर्षानुवर्षे वापरणे, पट्टी मुदतीनंतरही पेटीत ठेवून देणे, पट्ट्या ठरल्यापेक्षा कमी लावणे, आणि पिकावरचे औषध आणून त्यात लाकडाच्या चिपा भिजवून घरीच पट्टी करणे. हा शेवटचा मार्ग सर्वांत वाईट. त्यात मात्रेचा ठिकाणा नसतो आणि विष मेणात साठते. फ्लुव्हॅलिनेट मेणात वर्षानुवर्षे राहते. तेच मेण पुन्हा पायापत्र्याला वापरले की किडीला रोजचा थोडा थोडा खुराक मिळत राहतो. म्हणून दरवर्षी दोन-तीन जुनी काळी पोळी काढून टाकावीत.

मोजणी कशी करावी

तोंडाशी जाळी बसवलेली एक बरणी, दोन चमचे कोरडी पिठीसाखर आणि पांढरे ताट एवढेच साहित्य लागते.

१. अळ्या असलेल्या चौकटीवरील माश्या घ्याव्यात. आधी राणी त्या चौकटीवर नाही याची खात्री करावी. अर्धा कप भरून माश्या, म्हणजे सुमारे ३०० होतात.

२. बरणीत साखर टाकून बरणी हळूहळू फिरवावी, म्हणजे प्रत्येक माशी साखरेने माखेल. दोन मिनिटे सावलीत ठेवावी.

३. बरणी उलटी करून ताटावर एक मिनिट जोराने हलवावी. साखरेबरोबर किडी पडतात. ताटात थोडे पाणी घातले की साखर विरघळते आणि तांबडे ठिपके मोजता येतात. माश्या पेटीत परत सोडाव्यात.

४. आलेल्या आकड्याला तीनने भागावे. हे झाले शंभर माश्यांमागे किडींचे प्रमाण. ते तीन किंवा अधिक असले, तर उपाय लांबणीवर टाकू नये.

पावसाळी दमट हवेत साखरेचे गोळे होतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून उघडीप पाहून मोजावे. ताटात बारीक, लांबट आणि चपळ किडी दिसल्या, तर ती व्हरोआ नव्हे. ती आग्यामोहोळावरून येणारी ट्रॉपिलेलॅप्स ही दुसरी कीड होय. तिच्याविषयी जाणकाराला विचारावे.

औषध लागू पडले का?

औषधाच्या आधी एकदा आणि मुदत संपून पट्टी काढल्यावर पुन्हा एकदा, त्याच पेट्यांची मोजणी करावी. समजा, आधी ३०० माश्यांवर १८ किडी होत्या. नंतर एक किंवा दोन आढळल्या, तर औषधाने काम केले. नंतर १२ आढळल्या, तर तिसराच हिस्सा मेला. मधल्या काळात तळपाटावर शेकडो किडी पडलेल्या दिसल्या असतील, पण त्या मेलेल्या तिसऱ्या हिश्शातल्या होत्या. आपण पडलेल्या मोजतो, उरलेल्या मोजत नाही, आणि फसतो. मात्र निर्णयाआधी तीन-चार पेट्या मोजाव्यात आणि पट्टी नीट माश्यांच्या गराड्यात लटकत होती ना, मुदतीबाहेरची नव्हती ना, हेही पाहावे. शेजारच्या मरणपंथाला लागलेल्या पेट्या लुटून माश्या किडी घरी आणतात, हेही विसरू नये.

औषध हरले असे दिसले, तर त्याच औषधाची दुप्पट मात्रा देऊ नये. कुळ बदलावे.

काय करावे

पहिले, नरांची पोळी कापावीत. पेटीत एक रिकामी चौकट ठेवली की माश्या तिच्यात नरांच्या कोठड्या बांधतात. त्या बंद झाल्या की पोळे कापून नष्ट करावे. कोंबड्यांना घातले तरी चालते. नर बाहेर पडू दिले, तर मात्र आपण किडीचीच शेती केली असे होईल.

दुसरे, राणीला विश्रांती द्यावी. मध मिळण्याचा हंगाम नसेल तेव्हा सशक्त वसाहतीतील राणी २४ दिवस पिंजऱ्यात ठेवावी आणि गरजेप्रमाणे साखरेचा पाक द्यावा. तेवढ्यात कामकरी आणि नर यांचे सारे कोष फुटतात आणि किडीला दडायला कोठडी उरत नाही. दुर्बल वसाहतीत हा प्रयोग करू नये.

तिसरे, त्याच वेळी ऑक्झॅलिक आम्ल द्यावे. एक लिटर पाकात (साखर आणि पाणी समप्रमाणात) ३५ ग्रॅम आम्ल विरघळवून, माश्यांनी भरलेल्या दोन चौकटींमधील प्रत्येक फटीत ५ मिलिलिटर सोडावे. एका पेटीला ५० मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये. हे आम्ल बंद कोठडीत पोचत नाही. म्हणूनच राणीची विश्रांती आधी हवी. फॉर्मिक आम्लाची वाफ बंद कोठडीतही जाते, पण कडक उन्हाळ्यात तिने राणी दगावते. तिची मात्रा कृषी विद्यापीठाच्या किंवा मधपाळ प्रशिक्षकाच्या सल्ल्यानेच ठरवावी. या दोन्ही आम्लांना दाद न देणारी व्हरोआ आजवर सिद्ध झालेली नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय यांना हात लावू नये, वाफ हुंगू नये, मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

चौथे, पट्टी वापरायचीच असेल तर वर्षातून एकदा, वेष्टनावर लिहिलेल्या संख्येने आणि मुदतीने वापरावी. पुढच्या खेपेस दुसऱ्या कुळातले औषध घ्यावे. मधकोठी पेटीवर असताना कोणतेही औषध देऊ नये.

पाचवे, एका वाडीतल्या सर्वांनी एकाच आठवड्यात उपाय करावा. एकाने केला आणि शेजाऱ्याने केला नाही, तर कीड कुंपण ओलांडून परत येते.

शेवटी, पेटीगणिक वहीचे एक पान ठेवावे. त्यावर चारच रकाने पुरेत : तारीख, आधीचा आकडा, औषधाचे कुळ, नंतरचा आकडा. नवीन पट्टी विकत घेण्यापूर्वी ते पान उघडून पाहावे. मागच्या खेपेस त्या औषधाने काम केले नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि दुसरा उपाय धरावा.