यंत्र कोणाच्या हाती?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वावरात निंदण कोण करतं? बाई. पऱ्हाटीचा कापूस कोण वेचतं? बाई. दूध तापवणं, दही लावणं, ताक घुसळणं, हेही बाईच करते. पण गावात एखादं यंत्र आलं, की ते कोणाच्या हाती जातं? गड्याच्या.

असं का? हा प्रश्न आम्ही एका गावच्या साक्षरता-वर्गात विचारला. एक म्हातारबा म्हणाले, "लोखंडाचं काम बाईचं नव्हे, बाप्पा." मागं बसलेल्या एका माउलीनं हळूच विचारलं, "माझी पोरगी दहावीत आहे. तिला यंत्राचं शिकायचं म्हणते. मी काय सांगू तिला?"

तिला आम्ही एक हकीकत सांगितली. तीच इथं लिहितो. हकीकत खरी आहे.

सिंधमधून पुण्याला

सिंध प्रांतात हैदराबाद नावाचं शहर आहे. निजामाचं हैदराबाद वेगळं, हे वेगळं. तिथं १९४४ साली लीला थडानी यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील वारले. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध पाकिस्तानात गेला. घरदार मागं टाकून हे कुटुंब निर्वासित म्हणून पुण्याला आलं.

गाठीला पैसा नाही, डोक्यावर वडिलांचं छत्र नाही. अशा घरात मुलीचं लग्न लवकर उरकून टाकतात. या घरानं तसं केलं नाही. मुलीला शिकू दिलं.

लीला पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात गेल्या. हे कॉलेज १८५४ सालचं, फार जुनं. त्यांनी यंत्रांची शाखा घेतली. या शाखेत नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. लोखंड कापावं लागतं. कानस मारावी लागते. लेथ चालवावं लागतं. हात काळे होतात. १९६७ साली लीला पास झाल्या. त्या कॉलेजातून यंत्र-शाखेची पदवी घेणारी ती पहिली महिला! शंभरावर वर्षांत पहिली!

दूध आणि गोफण

आधी त्यांनी इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली. लग्नानंतर त्या लीला पूनावाला झाल्या. पुढं त्या दुसऱ्या एका कंपनीत लागल्या. ही कंपनी नंतर आल्फा लाव्हल या नावानं ओळखली गेली. ती मूळची युरोपातल्या स्वीडन देशातली. तिचा कारखाना पुण्याला दापोडीत होता.

तिथं काय बनत होतं? ते समजून घेऊ, कारण त्याचा आपल्या घराशी संबंध आहे.

दूध रात्रभर ठेवलं की साय वर येते. का? स्निग्ध भाग हलका असतो, म्हणून तो वर तरंगतो. म्हशीच्या १०० भाग दुधात सुमारे ६ ते ७ भाग स्निग्ध असतात. पण वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात तोवर दूध नासतं.

आता गोफण आठवा. गोफण गरगर फिरवली, की धोंडा बाहेर ओढ घेतो. दूधही भांड्यात घालून असंच जोरानं फिरवलं तर? जड भाग बाहेरच्या कडेला जातो. हलकी मलई मधोमध राहते. दोन तोट्या लावा. एकीतून मलई पडेल, दुसरीतून बिनमलईचं दूध पडेल. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हल यांनी १८७८ साली असं यंत्र केलं. त्याचं भांडं मिनिटाला हजारो फेरे घेतं.

हीच युक्ती तेलालाही लागते. आपल्या जिल्ह्यातला कापूस जिनिंगमध्ये जातो. रुई वेगळी होते, सरकी वेगळी होते. सरकीचं तेल काढतात. ते खाण्याजोगं शुद्ध करायला मोठ्या कारखान्यांत अशीच फिरती यंत्रं वापरतात.

शिकाऊ ते कारभारी

लीलाताई कंपनीत शिकाऊ म्हणून लागल्या. एकदम वर गेल्या नाहीत. पायरी पायरीनं चढल्या. सुमारे वीस वर्षांनी त्या त्या कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टर झाल्या. मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे साऱ्या कारखान्याचा कारभारी. कोणतं यंत्र बनवायचं, किती बनवायचं, कोणाला विकायचं, हे त्यानं ठरवायचं. कामगारांचा पगार वेळेवर द्यायचा. नफा झाला तर हिशेब द्यायचा. तोटा झाला तर जाब द्यायचा.

हे काम बाईला जमेल का? बायांनो, तूर घरी किती ठेवायची अन् बाजारात किती न्यायची, हे ठरवतं कोण? पाऊस लांबला तर जुन्या धान्यावर घर कोण चालवतं? हिशेब तुम्हाला नवा नाही. कमी पडतं ते शिक्षण.

१९८९ साली भारत सरकारनं लीलाताईंना पद्मश्री दिली.

एक पोस्टकार्ड

त्या काळी सगळीकडे दारं उघडी नव्हती. १९७४ सालची गोष्ट. बंगळूरला सुधा कुलकर्णी ही मुलगी इंजिनीअरिंग शिकत होती. पुण्याच्या टेल्को या मोटार कारखान्याची जाहिरात तिनं वाचली. खाली लिहिलं होतं : बायकांनी अर्ज करू नये. तिला राग आला. तिनं एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना पत्र लिहिलं. तिला मुलाखतीला पुण्याला बोलावलं. नोकरीही मिळाली. याच पुढं सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झाल्या.

पाहा, पोस्टकार्डावरच्या चार ओळींनी दार उघडलं! म्हणून आम्ही म्हणतो, लिहायला शिका.

"फी कोण भरणार?"

वर्गातल्या त्या माउलीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सारं खरं, दादा. पण फी कोण भरणार?"

प्रश्न रास्त होता. लीलाताईंनाही तो ठाऊक होता. १९९५ साली त्यांनी आपल्या नावाची संस्था काढली. हुशार पण गरीब मुलींना ती शिकायला मदत करते. सुरुवात पुण्यात झाली. नंतर आपल्या शेजारच्या वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या मुलींनाही मदत मिळू लागली.

सरकारही मदत करतं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली ठरवलं, की आर्थिक दुर्बल आणि मागास वर्गांतल्या ज्या घरांचं वर्षाचं उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्या घरच्या मुलींना इंजिनीअरिंगसारख्या शिक्षणात शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ व्हावी. मात्र प्रवेश सरकारी यादीतून घ्यावा लागतो.

दहावीनंतर आय.टी.आय. आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. यवतमाळला सरकारी तंत्रनिकेतन आहे. बारावीनंतर चार वर्षांची पदवी आहे. पुसदला इंजिनीअरिंग कॉलेज आहे. दाखले मात्र आधीच काढून ठेवा. जून महिन्यात तहसील कचेरीत फार गर्दी होते.

माउलीनं पाटी पुढं ओढली. सावकाश, एकेक अक्षर जोडून तिनं लिहिलं : उत्पन्नाचा दाखला. जातीचा दाखला. रहिवासी दाखला. मग तीच यादी कागदावर उतरवून पदराला बांधली.

म्हातारबा पाहत होते. म्हणाले, "तहसिलीत माझी वळख आहे. मी येतो संगं."

शब्दांचे अर्थ

निर्वासित – घर सोडून परक्या ठिकाणी यावं लागलेला माणूस
उमेदवारी – काम शिकत शिकत केलेली नोकरी
स्निग्ध – तेल-तुपाचा अंश असलेला
तंत्रनिकेतन – यंत्रविद्या शिकवणारी शाळा

सांगा पाहू

१. साय दुधाच्या वर का येते?
२. गोफण आणि मलई काढायचं यंत्र यांत सारखं काय आहे?
३. मॅनेजिंग डायरेक्टरला कोणती कामं करावी लागतात?
४. तुमच्या गावात दहावी झालेल्या किती मुली घरी बसल्या आहेत? त्यांची नावं लिहा. प्रत्येकीला विचारा : पुढं काय शिकायचं आहे?