हिप्परग्याच्या तळ्यावरील सूर्यास्त

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, सुट्टीत गावातच राहिलेल्या सहा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो होतो. पाऊस लागण्यापूर्वी तळ्याकाठच्या सूर्यास्ताचे एक चांगले छायाचित्र घ्यावे व ते या अंकात छापावे, एवढाच हेतू होता. एका विद्यार्थ्याने आपल्या मामांचा कॅमेरा मोठ्या मिनतवारीने मागून आणला होता. इतरांजवळ घरच्या वडील मंडळींचे मोबाइल होते. दृश्य मनोहर होते. पाणी खूप मागे हटले होते, मधल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि पलीकडच्या काठावर सूर्याचे बिंब तांब्याच्या परातीसारखे टेकले होते. आम्ही घाईघाईने वीसपंचवीस चित्रे घेतली आणि बिंब बुडताच सामान आवरले. म्हशी घेऊन घरी निघालेले एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, निघालात इतक्यात? आभाळ तर अजून पेटायचंय." आम्ही हसून त्यांस नमस्कार केला व रस्त्याला लागलो. पाव तासाने मागे वळून पाहतो तो सबंध पश्चिम दिशा किरमिजी झालेली, आणि आमचे कॅमेरे पिशव्यांत बंद!

घरी येऊन चित्रे पाहिली तेव्हा आणखी निराशा झाली. कोठे काळ्या जमिनीवर पांढरे भोक पडल्यासारखा सूर्य, कोठे जमीन नीट दिसते पण आकाश धुतल्यासारखे फिके. जे डोळ्यांनी पाहिले ते चित्रात का उतरले नाही, याचा मग आम्ही सर्वांनी मिळून विचार केला. तोच अभ्यास येथे देत आहोत.

प्रथम सूर्यास्त रंगीत का दिसतो, हे पाहू. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात. हवेचे सूक्ष्म कण त्या प्रकाशाला इतस्ततः विखुरतात, परंतु सर्व रंगांना सारखेच नव्हे. निळ्या प्रकाशाच्या लहरी आखूड व तांबड्याच्या लांब असल्यामुळे निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरला जातो. या नियमाचे गणित इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८७१ साली मांडले. सूर्य माथ्यावर असताना त्याच्या किरणांना जितकी हवा ओलांडावी लागते, तिच्या सुमारे ३८ पट हवा क्षितिजावरील सूर्याच्या किरणांना ओलांडावी लागते. एवढ्या प्रवासात निळा रंग वाटेतच गळून जातो व तांबडा-नारिंगी तेवढा आपणापर्यंत पोहोचतो. (ज्या एकरुख तलावाला आपण हिप्परग्याचे तळे म्हणतो, त्याचे आदिला नदीवरील धरणही त्याच १८७१ साली पुरे झाले. हा केवळ योगायोग. पण विद्यार्थ्यांना सन ध्यानात ठेवण्यास उपयोगी पडेल.)

तर मग धूळ जितकी जास्त तितका सूर्यास्त सुंदर, असे पुष्कळांस वाटते. आमचाही तोच समज होता. तो चुकीचा आहे. हवेचे कण अतिसूक्ष्म असतात म्हणून ते रंगांची निवड करतात. धुळीचे कण त्या मानाने फार मोठे. ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. त्यामुळे मे महिन्यात आपल्याकडे वारे सुटून काळ्या रानांतली माती उडू लागली म्हणजे आकाश राखी-पिवळे होते व सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वीच निस्तेज होऊन नाहीसा होतो. पण एखादा वळवाचा पाऊस पडून गेला की ती धूळ खाली बसते, वर ढगांचे तुकडे राहतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्ताला असे रंग चढतात की पाहणारा थक्क व्हावा. म्हणून छायाचित्र घ्यावयाचे तर वळवाच्या दुसऱ्या दिवशी घ्यावे. मृग लागून पाऊस सुरू झाला म्हणजे पश्चिम क्षितिजच ढगांनी झाकते. संधी गेली ती वर्षाची गेली.

फार उंचावर पोहोचलेल्या अतिसूक्ष्म कणांची गोष्ट मात्र निराळी. १८८३ च्या ऑगस्ट महिन्यात जाव्याजवळील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याची राख व वायू वातावरणाच्या वरच्या थरांत जाऊन जगभर पसरले. त्यानंतर कित्येक महिने युरोप-अमेरिकेत विलक्षण तांबडे सूर्यास्त दिसले, आणि त्याच सप्टेंबरात लंकेत व दक्षिण हिंदुस्थानात लोकांनी चक्क हिरवट-निळा सूर्य पाहिला.

आता त्या म्हशीवाल्या वृद्धाचे बोलणे. सूर्य आपल्या दृष्टीने बुडाला तरी उंचावरील हवेला व ढगांना तो दिसतच असतो. बिंब बुडाल्यावर १५ ते २० मिनिटांनी, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली तीनचार अंश गेल्यावर, पश्चिमेला एक जांभूळ-गुलाबी आभा चढते. तिलाच ते 'आभाळ पेटणे' म्हणत होते. आम्ही पुस्तके चाळून जे शोधले ते त्यांना रोजच्या पाहण्याने ठाऊक होते, हे येथे कबूल केलेच पाहिजे. आपल्याकडे ही सर्व क्रिया लवकर आटोपते, कारण सूर्य क्षितिजाकडे बराच उभा उतरतो. सोलापुरास मे अखेरीस बिंब टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत अवघी अडीच मिनिटे लागतात, व त्यानंतर सुमारे २४ मिनिटांत वाचण्यापुरता उजेडही सरतो. लंडनला जूनमध्ये हाच संधिप्रकाश पाऊण तास रेंगाळतो. तेव्हा येथल्या छायाचित्रकाराने जागा व तिवई अगोदर तयार ठेवली नाही तर त्याच्या हाती काही लागणार नाही.

जागा कोणती घ्यावी? सूर्य पश्चिमेस मावळतो असे आपण पाठ करतो, परंतु ठीक पश्चिमेस तो वर्षातून दोनच दिवस मावळतो. सोलापूर उत्तर अक्षांश १७ अंश ४० कलांवर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य येथे भर दुपारी नेमका डोक्यावर येतो व पुढे काही आठवडे उत्तरेकडे राहतो. महिन्याच्या अखेरीस तो ६ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि त्या वेळी पश्चिमेच्या सुमारे २३ अंश उत्तरेला असतो. उलट, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तो ६ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, पश्चिमेच्या जवळजवळ तितकाच दक्षिणेला मावळतो. म्हणजे सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पूर्वकाठी यात्रेत उभे राहून ज्याने मंदिरामागे सूर्य पाहिला असेल, त्याने मे महिन्यात त्याच दगडावर उभे राहिल्यास सूर्य ४५ अंश उजवीकडे सरकलेला आढळेल. आम्ही हे विद्यार्थ्यांकडून कंपासपेटीतील कोनमापकाने कागदावर काढून घेतले, तेव्हा भूगोलाच्या तासाला पेंगणारे दोघे खडबडून जागे झाले.

सूर्य चित्रात इतका लहान का येतो, हा दुसरा प्रश्न. क्षितिजाजवळचे बिंब मोठे भासते तो मनाचा भ्रम आहे; हात लांब करून करंगळी पुढे धरली तर ते नखाच्या निम्म्या रुंदीतही झाकते. नेहमीच्या ५० मिलिमीटर भिंगाने ३६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर सूर्य अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान उमटतो. तेव्हा सूर्य मोठा हवा असल्यास लांब पल्ल्याचे भिंग पाहिजे, आणि त्याच्याशेजारी दाखवावयाची वस्तू दूर पाहिजे. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. म्हणून कोणतीही वस्तू तिच्या रुंदीच्या १०८ पट अंतरावरून सूर्याएवढी दिसते. तीन मीटर रुंदीचे शिखर सूर्याने नेमके भरावे असे वाटत असेल तर ३२४ मीटर दूर उभे राहावे. जपमाळेच्या मण्यांची आठवण येऊन पुष्कळांस हा आकडा विसरणार नाही.

प्रकाशाचा प्रश्न सर्वांत कठीण. आपला डोळा एका क्षणी आकाश पाहतो, दुसऱ्या क्षणी जमीन पाहतो, व दोन्हींचे चित्र मन एकत्र करते. कॅमेऱ्याला एकाच झटक्यात दोन्ही घ्यावी लागतात. ही अडचण जुनीच आहे. डागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची रीत १८३९ साली प्रसिद्ध झाली, व मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. परंतु त्या काळच्या काचांवरील लेप निळ्या प्रकाशालाच फार तत्पर असे आणि तांबड्याला आंधळा. म्हणूनच त्या वेळच्या चित्रांत इमारती रेखीव, पण आकाश कोऱ्या कागदासारखे दिसते. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०–६० च्या दशकात समुद्राची चित्रे करताना पाण्यासाठी एक व आकाशासाठी दुसरी अशा दोन काचा वापरून त्या एका कागदावर छापल्या. पुढे १८७३ साली बर्लिनच्या फोगेल याने लेपात रंगद्रव्य मिसळून त्याला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची दृष्टी दिली. आजचा मोबाइल एका दाबात अनेक चित्रे घेऊन ती जुळवितो, ती ल ग्रेचीच युक्ती होय.

आमच्या चुकीचे मूळ येथे होते. कॅमेऱ्याने काळी जमीन पाहून जास्त प्रकाश घेतला व आकाश जाळून टाकले. आता आम्ही असे करतो: सूर्याच्या बाजूच्या आकाशावर मोजमाप घ्यावयाचे, मोबाइल असल्यास पडद्यावर त्याच जागी बोट टेकावयाचे. जमीन काळी येते ती येऊ द्यावी; झाड, होडी, बगळा यांच्या नुसत्या आकृतींनीच चित्राला शोभा येते. रंगाचे मापन आपोआप न होऊ देता 'दिवसाचा प्रकाश' यावर ठेवावे, नाहीतर यंत्र तांबडेपणाला दोष समजून पुसून टाकते. बिंब असताना सेकंदाचा साठावा भाग पुरतो. तीच आभा वीस मिनिटांनी घ्यावयाची तर अर्धा सेकंद लागतो, व तेथे तिवईवाचून गत्यंतर नाही. पाण्यात आकाश हवे असल्यास कॅमेरा खाली, गुडघ्याइतका आणावा. पाणी सरळ वरून पाहिले तर शंभरातले दोनच भाग प्रकाश परत फेकते. तिरके पाहावे तसे ते आरसा होत जाते.

पालकांसाठी दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून किंवा दुर्बिणीतून मुलांना सूर्याकडे पाहू देऊ नये. भिंग प्रकाश एकवटते व डोळ्याला कायमची इजा होते. सूर्य मावळतीचा असला म्हणून ही भीती टळत नाही. दुसरे, उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसला तरी आत ओला असतो. आमच्यातील एकजण चित्रासाठी चार पावले पुढे गेला व मांडीपर्यंत रुतला. आम्ही पंच्यांना गाठी मारून त्याला ओढून काढले. चप्पल तेथेच राहिली. त्या दिवसापासून काठाच्या दगडांपलीकडे पाऊल टाकावयाचे नाही, असा आम्ही नियम केला आहे.

पहिल्या फेरीनंतर पाचव्या दिवशी संध्याकाळी वळीव झोडपून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो, आणि या वेळी बिंब बुडाल्यावर कोणी जागचे हलले नाही. मोजून सतरा मिनिटांनी आभाळ पेटले. चित्रात डाव्या कोपऱ्यात जो चपटा काळा दगड दिसतो तो उन्हाळ्याच्या तळाशी उघडा पडलेला आहे. भादव्यात गेलो तेव्हा त्यावर पाणी होते. दरवर्षी मे अखेरीस त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून एक चित्र घ्यावयाचे व पाणी दगडापासून किती पावलांवर आहे ते मागे लिहून ठेवावयाचे, असे मुलांनी ठरविले आहे. पहिल्या चित्रामागे 'एकोणचाळीस पावले' असे लिहिले आहे.