शिक्षक ‘कामगार’ आहे काय?

शिक्षकांचे वेतन, कार्यभार व सामुदायिक सौद्याचा हक्क : एक अभ्यास

दरवर्षी ५ सप्टेंबर रोजी गावोगावच्या शाळांतून शिक्षकांचा शाल व श्रीफळ देऊन गौरव करण्यात येतो. ही प्रथा स्तुत्य आहे. परंतु समारंभ आटोपल्यावर काही व्यावहारिक प्रश्न शिल्लक राहतात. शिक्षकाचे वेतन कोणी व कसे ठरवावयाचे? त्याच्याकडून किती तास काम घ्यावयाचे? आणि अन्याय झाल्यास त्याने दाद कोठे मागावयाची? गिरणीतील किंवा बंदरावरील कामगाराच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे कायद्याने फार पूर्वी देऊन ठेविली. शिक्षकाच्या बाबतीत मात्र ती निरनिराळ्या अधिनियमांत, नियमांत व न्यायनिर्णयांत विखुरलेली आहेत. ती एकत्र करून सोप्या रीतीने वाचकांपुढे ठेवावीत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करंजाळ्याचा खटला

या विषयातील एक महत्त्वाचा निर्णय गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यातून निघाला. करंजाळे येथील एका शाळेने १९७५ साली आपल्या एका शिक्षिकेची सेवा समाप्त केली. तिने औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ अन्वये दाद मागितली. समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले, आणि तिचा वाद न्यायनिर्णयासाठी पाठविण्यास शासनाने नकार दिला. शिक्षक हा त्या अधिनियमाच्या अर्थाने ‘कामगार’ नाही, असे कारण देण्यात आले. उच्च न्यायालयाने १९८३ साली तिचा अर्ज फेटाळला. तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ‘सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण व दीव शासन’ या नावाने ते ओळखले जाते. त्याचा निकाल २७ जुलै १९८८ रोजी लागला.

या खटल्यातील मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ साली ‘उद्योग’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावून शिक्षणसंस्था हाही उद्योगच ठरविला होता. मग उद्योगात काम करणारा शिक्षक आपोआप कामगार ठरत नाही काय? न्यायालयाचे उत्तर नकारार्थी आले. उद्योगात नोकरी असणे एवढेच पुरेसे नाही. अधिनियमात सांगितलेल्या शारीरिक, तांत्रिक, कारकुनी किंवा पर्यवेक्षकीय अशा एखाद्या प्रकारात त्या व्यक्तीचे काम बसले पाहिजे. विद्यादान हे यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही. ते एक ध्येयकार्य, एक थोर व्यवसाय आहे, असे न्यायालयाने म्हटले. सारांश, शाळेतील कारकुनासाठी या कायद्याचे दार उघडे होते, परंतु त्याच शाळेतील शिक्षिकेसाठी ते बंद राहिले.

१९४७ च्या अधिनियमाची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यातील कामगाराच्या व्याख्येतही कामाचे प्रकारच नमूद केलेले आहेत. अध्यापनाचा उल्लेख त्यांत नाही.

याचा अर्थ शिक्षकास कोणतेच संरक्षण नाही, असा मात्र करू नये. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ साली करण्यात आला. त्यान्वये बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती यांविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येते. गोव्यातही १९८४ च्या शालेय शिक्षण अधिनियमाने शिस्तभंगाच्या कारवाईची रीत घालून दिली आणि अपिलाची सोय केली. ही संरक्षणे मोलाची आहेत. परंतु ती एकेकट्या शिक्षकाच्या तक्रारीसाठी आहेत. वेतनश्रेणी किंवा कामाचे तास असे सर्वांच्या हिताचे प्रश्न अपिलाने सुटत नाहीत. त्यांसाठी दुसराच मार्ग लागतो.

थोरवी आणि उपदान

थोर व्यवसायाची ही कल्पना व्यवहारात कशी फळते, याचे उदाहरण उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे आहे. उपदान प्रदान अधिनियम, १९७२ अन्वये पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम सेवा संपताना मिळे. शैक्षणिक संस्थांना हा अधिनियम ३ एप्रिल १९९७ पासून लागू करण्यात आला. परंतु अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अधिनियमातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिक्षक येत नाही. त्यास हा लाभ द्यावयाचा की काय, हे विधिमंडळाने ठरवावे.

ते संसदेने ठरविले. २००९ साली व्याख्या दुरुस्त करण्यात आली व दुरुस्तीस १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभाव देण्यात आला. खाजगी शाळांनी तिला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. व्याख्येतील एका उणिवेमुळे जी रक्कम अडली होती, ती मिळण्यास १९९७ पासून मोजल्यास पंचवीस वर्षांचा काळ लोटला. या अवधीत निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या घरी ही रक्कम मुलीच्या विवाहास किंवा आजारपणास उपयोगी पडली असती, हे सांगावयास नकोच.

संघटना, सौदा आणि संप

सामुदायिक सौदा म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. एकेका कर्मचाऱ्याने आपापल्या वेतनासाठी मालकाकडे विनवणी करण्याऐवजी सर्वांच्या वतीने त्यांच्या संघटनेने मालकाशी बोलणी करावी, आणि ठरलेला करार उभयपक्षी बंधनकारक असावा, या पद्धतीस सामुदायिक सौदा म्हणतात. संप हे त्यातील शेवटचे साधन होय.

संघटना स्थापन करण्याचा हक्क भारताच्या संविधानाने अनुच्छेद १९ मध्ये सर्व नागरिकांस दिला आहे, आणि शासकीय सेवक त्यास अपवाद नाहीत. मान्यता नसलेल्या संघटनेचे सभासद होऊ नये, हा सेवानियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली अवैध ठरविला. शांततामय निदर्शनांवरील सरसकट बंदीही त्याच वर्षी रद्द झाली. मात्र संप करणे हा मूलभूत हक्क नाही, हेही न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले.

तमिळनाडूत २००३ साली शासकीय कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, तेव्हा शासनाने दीड लाखाहून अधिक जणांना एकदम सेवेतून काढून टाकले. ६ ऑगस्ट २००३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शासकीय सेवकांस संपाचा मूलभूत हक्क नाही, वैधानिक हक्कही नाही आणि त्यास नैतिक आधारही नाही. पुढे विनाशर्त माफीनाम्यावर बहुसंख्य कर्मचाऱ्यांना परत घेण्याचे शासनाने मान्य केले. तरीही संप थांबले नाहीत. जुन्या निवृत्तिवेतन योजनेच्या मागणीसाठी मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय कर्मचारी व शिक्षक आठवडाभर संपावर होते.

असे का व्हावे? बोलणीसाठी खात्रीचे व्यासपीठ नसले की निवेदन, मोर्चा आणि संप एवढीच वाट उरते. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन करण्यात आली. तीत वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन विषयांवर मतभेद मिटला नाही, तर तो लवादाकडे नेण्याची सोय ठेवण्यात आली. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पॅरिस येथे युनेस्को व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकृत केली. शिक्षकांचे वेतन व सेवाशर्ती त्यांच्या संघटनांशी वाटाघाटी करून ठरवाव्यात, आणि मतभेदांसाठी संयुक्त यंत्रणा असावी, असे तीत सांगितले आहे. ही शिफारस बंधनकारक नाही. पण मार्ग कोणता असावा, हे तिने दाखवून दिले आहे.

विधान परिषदेतील प्रतिनिधित्व हाही एक मार्ग आहे. जेथे विधान परिषद आहे, तेथे एक द्वादशांश जागा शिक्षक मतदारसंघांतून भरल्या जातात. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांत अशा प्रत्येकी सात जागा आहेत. म्हणून बेळगावच्या माध्यमिक शिक्षकास हा मताधिकार आहे. गोवा, गुजरात व मध्य प्रदेश येथे विधान परिषदच नाही. आणि जेथे ती आहे, तेथेही माध्यमिक वा त्यावरील दर्जाच्या संस्थांतील शिक्षकच या मतदारसंघात मतदान करू शकतात. खेड्यातील प्राथमिक शिक्षक त्याबाहेरच राहतो.

कार्यभार : कायद्याचा हिशेब

‘शिक्षकाला काम ते किती? दुपारी घरी!’ असा शेरा गावात अनेकदा ऐकू येतो. कायद्याचा हिशेब निराळा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन झाले पाहिजे. म्हणजे दिवसास सरासरी चार ते साडेचार तास झाले. परंतु त्याच अनुसूचीत शिक्षकाने आठवड्यास किमान ४५ तास काम करावे, असेही सांगितले असून त्यांत तयारीचे तास धरलेले आहेत. सहा दिवसांचा आठवडा मानल्यास हे रोजचे साडेसात तास होतात. वर्गातील चार तासांमागे पाठाची तयारी, वह्यांची तपासणी व मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष यांसाठी तीन ते साडेतीन तास लागतात, हे कायद्याने मान्य केले आहे. गावकऱ्यांना हे तास दिसत नाहीत, एवढेच.

या तासांवर इतर कामांचे आक्रमण होऊ नये, म्हणून अधिनियमाच्या कलम २७ ने अशैक्षणिक कामांस मनाई केली आहे. अपवाद तीनच : दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि स्थानिक प्राधिकरण, विधानमंडळ वा संसद यांच्या निवडणुकांची कामे. निवडणुकीच्या कामासंबंधी तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच असे सांगितले होते की, मतदार यादीचे व निवडणुकीचे काम शिक्षकांना सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. अध्यापनाच्या दिवशी, शाळेच्या वेळात, सामान्यतः देऊ नये. शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असा दंडक कलम २६ मध्ये आहे. द्विशिक्षकी शाळेतील एक पद रिक्त राहिले, म्हणजे निम्मी शाळाच रिक्त झाली. उरलेल्या शिक्षकास सर्व वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात.

एकच फळा, दोन वेतने

वेतनाचा प्रश्न आज मुख्यतः नियमित आणि कंत्राटी वा मानधनी शिक्षक यांतील अंतराचा आहे. महाराष्ट्रात शिक्षणसेवकास पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक स्तरावर हे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० रुपये करण्यात आले. बिहारमधील साडेतीन लाखांहून अधिक ‘नियोजित’ शिक्षकांनी समान कामासाठी समान वेतन मागितले. पाटणा उच्च न्यायालयाने २०१७ साली ते मान्य केले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१९ रोजी तो निर्णय फिरविला.

यानंतरचे एक प्रकरण गुजरातचे आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कंत्राटी सहायक प्राध्यापकांना दरमहा ३०,००० रुपये मिळत, तर तेच काम करणारे नियमित सहकारी कितीतरी अधिक वेतन घेत. २२ ऑगस्ट २०२५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी अध्यापकांचा न्याय्य वेतनाचा दावा मान्य केला. गुरुमहिमेचे श्लोक समारंभांत म्हणणे पुरेसे नाही, ती श्रद्धा राष्ट्र आपल्या शिक्षकांना कसे वागविते यात दिसली पाहिजे, असा अभिप्रायही त्यात आहे. १९८८ साली व्यवसायाच्या थोरवीमुळे शिक्षिका कायद्याबाहेर राहिली. २०२५ साली त्याच थोरवीच्या आधारे शिक्षकाच्या वेतनाचा विचार झाला. सदतीस वर्षांतील हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

कोणी काय करावे

ग्रामस्थांच्या हाती एक साधन आहे. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. केंद्राने २०१० साली केलेल्या नियमांत शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार पडत नाही ना, हे पाहण्याचे काम या समितीस दिले आहे, आणि शिक्षकांच्या तक्रारीची पहिली पायरीही तीच ठरविली आहे. राज्याराज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. आपल्या राज्याचे नियम समितीने मागवून वाचावेत. शिक्षक किती दिवस वर्गाबाहेरच्या कामावर गेले, याची नोंद समितीने ठेविली, तर तिच्या म्हणण्यास वजन येईल.

अधिकाऱ्यांनी कामाचा आदेश काढण्यापूर्वी तो कलम २७ च्या तीन अपवादांत बसतो की नाही, हे पाहावे. शिक्षक संघटनांची निवेदने आवक क्रमांकापाशीच थांबू नयेत. ठराविक मुदतीने बैठक घ्यावी, इतिवृत्त लिहून दोन्ही पक्षांस द्यावे आणि मागणी अमान्य झाल्यास तिचे कारण कळवावे. कायद्याने ज्यास संपाचे साधन दिलेले नाही, त्याचे म्हणणे वेळेवर ऐकून घेण्याची शासनाची जबाबदारी त्यामुळे वाढते.

शिक्षकांनी आपला नियुक्ती आदेश, सेवापुस्तकातील नोंदी व अपिलाची मुदत यांबाबत जागरूक असावे. संघटनेच्या मागणीपत्रात वेतनाबरोबर रिक्त पदे व अशैक्षणिक कामे यांचाही समावेश करावा. कारण वर्गात शिक्षक नसला, तर नुकसान मुलांचे होते, आणि असे मागणीपत्र पालकांनाही आपले वाटेल.

शाल पांघरणारे हात आणि मागणीपत्र स्वीकारणारे हात पुष्कळदा एकाच कार्यालयाचे असतात. शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचा हक्क ही दोन्ही खाती त्या कार्यालयात एकाच वहीत मांडली गेली पाहिजेत.