खग्रास सूर्यग्रहण : सर्वांनी मिळून पाहण्याची गोष्ट

सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये चंद्र आला म्हणजे सूर्यग्रहण होते, हे आपण शाळेत शिकलो. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि तो चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट दूर आहे. या योगायोगामुळेच चंद्रबिंब सूर्यबिंबाला नेमके झाकू शकते. परंतु चंद्राची गडद सावली पृथ्वीवरील एका अरुंद पट्ट्यातूनच धावते. त्या पट्ट्यात असणाऱ्यांनाच खग्रास ग्रहण दिसते. त्याच्या आजूबाजूस खंडग्रास.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ९९ टक्के वसुली म्हणजे उत्तम वसुली वाटते. येथे तो हिशेब चालत नाही. उरलेला एक टक्का सूर्यही पौर्णिमेच्या चंद्राहून हजारो पटींनी तेजस्वी असतो. तो झाकला गेला तरच सूर्याचे किरीट दिसते.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी हा पट्टा आपल्या बाजूने गेला. कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून हुबळी, गदग, रायचूर आणि पुढे ओरिसातील पुरीपर्यंत. हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत शास्त्रज्ञ दुर्बिणी लावून बसले होते. माझी आजी तेव्हा हुबळीत होती. माझे वडील तिच्या पोटात होते. त्यामुळे दारे-खिडक्या बंद, विळीला हात लावायचा नाही, हलायचे नाही. दुपारी चारच्या आत अंधार पडला, पक्ष्यांची किलबिल थांबली आणि शेजारच्या गच्चीवरून मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत एकच ओरडा उठला. आजी म्हणते, "ओरडा तेवढा माझ्या वाट्याला आला."

गच्चीवरच्यांनी काय पाहिले? शेवटचा किरण हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकून विझतो. काळ्या बिंबाभोवती मोत्यासारखी पांढरी प्रभा पसरते. भरदिवसा शुक्र दिसतो. हवा गार होते. ओळखी-अनोळखी सारे एकाच क्षणी, एकाच गोष्टीने थक्क होतात. पुस्तकातील चित्र एकट्याने पाहून हे मिळत नाही.

घरच्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. खंडग्रास सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. त्यासाठी प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. काजळी धरलेली काच किंवा क्ष-किरणाची फिल्म चालत नाही. खग्रास स्थितीची दोन-तीन मिनिटेच चष्म्याविना पाहता येते. गर्भाला मात्र ग्रहणाच्या अंधाराने काही होत नाही. सूर्य रोजचाच असतो, प्रकाश तेवढा कमी होतो. ते मूल, म्हणजे माझे वडील, अगदी सुखरूप जन्मले.

एकाच गावी खग्रास ग्रहण पुन्हा यायला सरासरी सुमारे पावणेचारशे वर्षे लागतात. म्हणजे दारापाशी आलेले ग्रहण हुकले तर ते त्या जन्मापुरते हुकले. मग आपणच सावलीच्या वाटेवर जाऊन उभे राहायचे. २० मार्च २०३४ रोजी ती सावली काश्मीर-लडाखच्या भागातून जाईल. तेथवर जाण्याची ऐपत सर्वांना नसेल, पण खंडग्रास ग्रहणे आपल्या अंगणातही येत राहतील. तेव्हा चष्मे आणावेत आणि घरातील बायामाणसांना आधी बाहेर बोलवावे.